पुढची नदी आपल्याला नाही!

२०२४ सालच्या आश्विनातली गोष्ट. साताऱ्यात पाऊस नुकता कुठे उघडला होता. अजिंक्यताऱ्याची हिरवाई अजून उतरली नव्हती, आणि घराघरांतून सहामाही परीक्षेची गडबड चालली होती. हल्ली या परीक्षेला 'संकलित मूल्यमापन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. पोरांच्या पोटात उठणारा गोळा मात्र जुनाच आहे.

माझा नातू तिसरीत होता. जेवणे उरकल्यावर सोप्यात पालथा पडून तो जिल्ह्याचा नकाशा काढीत बसला होता. आमच्या वेळी साध्या कागदाला खोबरेल तेल चोळायचे, तो वाळवायचा आणि मग नकाशावर ठेवून गिरवायचा. दप्तराला महिनाभर तेलाचा वास यायचा. आता दुकानात तयार पारदर्शक कागद मिळतो. बाकी सारे तेच. अकरा तालुके पाडून झाले, त्यांत रंग भरून झाला, आणि मग निळी पेन्सिल घेऊन त्याने कृष्णा काढायला घेतली. क्षेत्र महाबळेश्वरापासून निघाला, धोम झाले, वाई झाली, माहुलीला वेण्णा मिळाली, कऱ्हाडला कोयना समोरून येऊन भेटली. तेथून बोटभर खाली आला, जिल्ह्याच्या रेघेशी थांबला, आणि पेन्सिलीला टोक करू लागला.

"पुढं?" मी विचारले.

"पुढं काय?"

"नदी रे. कऱ्हाडच्या पुढं कुठं गेली? आटली का काय?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की, इतकी वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला एवढेही कळू नये!

"आजोबा, पुढची नदी आपल्याला नाही."

ज्यांच्या घरी शाळकरी पोर आहे त्यांना या 'आपल्याला नाही'चा अर्थ सांगायला नको. जे परीक्षेला नाही ते आपल्याला नाही. मला हसू आले. सूनबाईही स्वयंपाकघरातून हसल्या. पण ते हसू माझ्या ओठांवरच राहिले, कारण हेच वाक्य जरा वेगळ्या शब्दांत मी एकोणीस वर्षांपूर्वी ऐकले होते, आणि तेव्हा ते हसण्यासारखे मुळीच नव्हते. ते पुढे सांगतो. आधी या नकाशाची हकिकत सांगायला हवी.

तिसरी म्हणजे जिल्हा, हे समीकरण फार जुने आहे. पोराने आधी घर पाहावे, मग गाव, मग तालुका, आणि तिसरीत जिल्हा, चौथीत महाराष्ट्र. माझ्या नातवाच्या हाती असलेले परिसर अभ्यासाचे पुस्तक तर खास जिल्ह्यापुरते होते. बालभारतीने तिसरीसाठी प्रत्येक जिल्ह्याची आवृत्ती वेगळी काढली. कल्पना चांगलीच आहे. साताऱ्याच्या पोराला कासचे पठार कळावे, सांगलीच्या पोराला हळदीचा बाजार कळावा, यात गैर काय? आपल्या दारातली गोष्ट पुस्तकात छापलेली दिसली की पोराला आपल्याच घरावर पाटी लागल्यासारखे वाटते.

फक्त एक अडचण आहे. जिल्हा माणसांनी आखला आहे आणि नदीला त्याची वार्ता नाही.

मी स्वतः तिसरीत गेलो तो १९५५ साली, खानापूर तालुक्यातल्या एका कौलारू शाळेत. तो आमचा भाग पूर्वापार सातारा जिल्ह्यातला. १ ऑगस्ट १९४९ रोजी, संस्थाने विलीन झाल्यावर, जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. सांगली, मिरज, जत ही संस्थाने आणि जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके मिळून झाला तो 'दक्षिण सातारा' जिल्हा. मुख्य ठाणे सांगली. आम्ही पाटीवर 'जिल्हा दक्षिण सातारा' असेच लिहीत असू. पुढे महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६० च्या नोव्हेंबरात आमच्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. मी गाव न बदलता दोन जिल्ह्यांत राहिलो!

आमच्या शाळेत भिंतीवर टांगलेला नकाशा मात्र फाळणीपूर्वीचाच होता. नवा आणायला पैसे कुठले? अखंड सातारा, मधून मधून संस्थानांचे वेगळ्या रंगाचे तुकडे, आणि त्यावर गुरुजींनी तांबड्या पेन्सिलीने ओढलेली नवी हद्द. गुरुजी म्हणायचे, "ही रेघ सरकारची. ती मी काढली. निळी रेघ देवाची, ती वरपासून खालपर्यंत आहे तशीच." छडीने ते महाबळेश्वरापासून निघत ते थेट हरिपुराला वारणेच्या संगमावर थांबत. वाटेत भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, सांगली. शाळेच्या गरिबीमुळे आम्हाला अख्खी नदी शिकायला मिळाली, असे आज वाटते.

या तांबड्या रेघेने पुढे किती गमती केल्या! 'साताऱ्याचे प्रतिसरकार' शिकवताना कुंडलचे नाव निघते, आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडे मच्छिंद्रही तिकडेच. यशवंतराव चव्हाण कऱ्हाडचे म्हणून साताऱ्याची पोरे अभिमानाने सांगतात. त्यांचा जन्म देवराष्ट्रे गावचा, म्हणून सांगलीची पोरेही तितक्याच अभिमानाने सांगतात. दोन्ही पोरे बरोबर असतात. माणसांच्या बाबतीत असा वाटा दोघांनी घेतला तर बिघडत नाही. पाण्याच्या बाबतीत बिघडते.

१९६७ साली मी शिक्षक झालो आणि माझी नेमणूक पाटण तालुक्यात झाली. नोकरीला सहा महिने होतात न होतात तो ११ डिसेंबरची पहाट उजाडण्यापूर्वीच कोयनेचा भूकंप झाला. त्या रात्रीविषयी येथे लिहीत नाही. सांगायचे एवढेच की, त्यानंतर आमच्या वर्गात कोयना धरण म्हटले की पोरांना दोनच गोष्टी आठवत, वीज आणि भूकंप. मीही त्याच शिकवल्या. धरणाचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे पोफळीला नेतात, तेथे त्यावर वीज करतात आणि ते पाणी वाशिष्ठीतून पश्चिम समुद्राला जाते, हे सांगताना मला मोठी ऐट वाटे. पूर्वेला जाणारी नदी पश्चिमेला वळवली, केवढा हा पराक्रम! पण पावसाळ्यात धरण भरले की दरवाजे उघडतात, आणि ते पाणी पश्चिमेला न जाता नदीच्या जुन्याच वाटेने कऱ्हाडवरून खाली जाते, हे मी अडतीस वर्षांत एकदाही फळ्यावर काढले नाही. आमचा नकाशा कऱ्हाडखाली संपत होता. नव्या जिल्ह्याचा नवा, गुळगुळीत नकाशा. माझ्या गुरुजींची छडी मी विसरलो होतो.

माझी मुलगी माझ्याच वर्गात तिसरी शिकली. २००४ साली तिचे लग्न झाले आणि ती सांगलीला गेली. घर गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. २००५ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो, सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळाले. जुलैअखेर पावसाने जी झड धरली ती सोडीचना. एका दुपारी मुलीचा फोन आला.

"अण्णा, इथं तर पाऊस उघडलाय. ऊन पडलंय. आणि पाणी चढतंय. कुठून येतंय हे पाणी?"

मी खिडकीबाहेर पाहिले. साताऱ्यात समोरचे घर दिसत नव्हते इतका पाऊस कोसळत होता. मी घाईघाईने सांगू लागलो की, बाई, हे इकडचे पाणी आहे, कोयना आहे, वेण्णा आहे, उरमोडी आहे, सगळे मिळून तुमच्याकडे येणार, सामान वर चढव. पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग ती म्हणाली,

"तुम्ही तर कृष्णा कऱ्हाडलाच संपवली होती की हो."

ती रागाने बोलली नाही. तिला खरेच नवल वाटले असावे. ऊन पाहून तिने सामान हलवले नव्हते. रुखवतात दिलेली भांडी त्या संध्याकाळी माजघरात तरंगली, लग्नातले शालू चिखलात गेले, फोटोंचा अल्बम गेला. माणसे वरच्या मजल्यावर सुखरूप राहिली, ही देवाची कृपा. गेल्या त्या वस्तू पुन्हा घेता आल्या. तिचे ते वाक्य मात्र माझ्याकडे राहिले.

म्हणून नातू जेव्हा 'पुढची नदी आपल्याला नाही' म्हणाला तेव्हा मी त्याला रागे भरू शकलो नाही. तो माझाच विद्यार्थी शोभत होता.

योगायोग असा की मुलीची मुलगीही त्या वर्षी तिसरीतच होती, सांगलीला. 'तिकडे काय शिकवतात ते पाहावे' असे मनात घेऊन मी चार दिवसांनी गाडीत बसलो. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी... उसाचे फड डोक्याच्या वर गेलेले, कुठे तोडीची तयारी. नातीच्या शाळेत मला बसू देतील की नाही याची शंका होती. पण शिक्षकाची जात शिक्षकाला ओळखते. वर्गशिक्षिका तरुण होत्या. "गुरुजी, बसा की. पण मी चुकले तर पोरांसमोर सांगू नका हं," असे म्हणून त्यांनी मला खिडकीशी खुर्ची दिली.

त्या दिवशी शाळेत हादगा होता. पटांगणात पाटावर हत्ती काढून ठेवला होता, पोरी फेर धरून दमल्या होत्या, खिरापत ओळखण्याचा गलका संपला होता. एरवी अशा दिवशी पुढचा तास वायाच जायचा. बाईंनी फळ्यावर सांगली जिल्ह्याचा नकाशा काढला. दहा तालुके. निळ्या खडूने कृष्णा काढली. आणि पाहतो तो काय, ही कृष्णा वरच्या रेघेपासून एकदम सुरू झालेली! साताऱ्याच्या पोरांची नदी खाली हवेत संपते, सांगलीच्या पोरांची वर हवेतून उगवते. मी मनात म्हटले, झाले, दोन्हीकडे तेच.

पण या बाई निराळ्या निघाल्या. "आयर्विन पुलाला धोक्याची पातळी किती?" त्यांनी विचारले.

"पंचेचाळीस फूट!" सगळा वर्ग एका सुरात. सांगलीच्या पोराला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९२९ साली झालेला तो पूल म्हणजे सगळ्या शहराची नाडी. पावसाळ्यात दूधवाल्यापासून मामलेदारापर्यंत एकच प्रश्न, 'आयर्विनला पाणी किती?' चाळीस झाले की इशारा, पंचेचाळीस झाले की धोका.

"पंचेचाळीस फूट म्हणजे केवढं?"

आता वर्ग गप्प. पोरे गणितात मीटर आणि सेंटिमीटर शिकतात, आणि नदी अजून फुटांत चढते! एका पोराने हात वर करून छताकडे दाखवले. दुसऱ्याने 'नारळाच्या झाडाएवढं' म्हटले. बाईंनी सगळ्यांना आपापली पट्टी काढायला सांगितली. "हिला काय म्हणतात?" "फूटपट्टी!" "मग? हीच एक फूट. चला पटांगणात."

आणि हादग्याच्या फेराच्या जागी पोरे ओणवी होऊन पट्टीला पट्टी लावू लागली. फळ्याच्या खडूने रेघ पुढे सरकत होती. दहा झाल्या, वीस झाल्या. वर्गातल्या पट्ट्या संपल्या, तेव्हा मागच्या उचलून पुढे लावल्या. चाळीसला एक आडवी रेघ आणि 'इशारा'. पंचेचाळीसला लाल खडूने 'धोका'. बाईंनी माझ्या नातीला रेघेवर आडवे निजवले. ती चार पट्ट्यांएवढी भरली. "म्हणजे अशा किती मुली उभ्या राहिल्या तर धोक्याची पातळी?" भागाकार पोरांना अजून नीटसा येत नव्हता, त्यांनी तिला अकरा वेळा निजवूनच उत्तर काढले. "अकरा आणि हिचे पाय!" असे एक जण ओरडला. हिशेब बरोबर होता.

"आता २०१९ सालचं पाणी लावा," बाई म्हणाल्या.

त्या वर्षीच्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते. पोरे लावीत गेली. पन्नास, बावन्न, पंचावन्न. रेघ हत्तीच्या पाटाला वळसा घालून फाटकाशी पोहोचली. हसणे-खिदळणे चालू होते ते तेथे हळूहळू थांबले. लाल खुणेपासून या शेवटच्या पट्टीपर्यंतचे अंतर सगळी पोरे पाहत उभी राहिली. त्यांतल्या बहुतेकांना तो पूर आठवणे शक्य नव्हते, तेव्हा ती तीन वर्षांची होती. पण घरी भिंतीवर पाण्याची खूण त्यांनी पाहिलेली आहे. २०२१ चा पूर आठवणारी मात्र बरीच निघाली. माझ्या नातीला त्यातले एवढेच आठवते की, आपण सगळे विश्रामबागेतल्या नातलगांकडे गेलो आणि तिथे रोज खिचडी होती.

एका मुलाने विचारले, "बाई, एवढं पाणी येतं कुठून?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "गुरुजी साताऱ्याचे आहेत. त्यांना विचारा."

अडतीस वर्षे वर्गावर उभा राहिलेला माणूस मी, पण त्या वेळी घसा कोरडा पडला. मी खडू घेतला आणि पटांगणाच्या फरशीवर वरपासून नदी काढली. महाबळेश्वर, धोम, माहुली, कऱ्हाड, कोयना. तांबडी रेघ काढली आणि तिच्यावरून निळी रेघ पुढे ओढली. तुमच्याकडे ऊन असले तरी आमच्याकडचा पाऊस तुमच्याकडे येतो, कोयनेतून सुटलेले पाणी काही तासाभरात सांगलीला पोहोचत नाही, मधल्या वेळात सामान वर चढवता येते, एवढेच सांगितले. महापुराची कारणे मोठी आहेत आणि त्यावर जाणत्या माणसांचे वाद चालू असतात. तिसरीच्या पोरांना त्यांत ओढण्यात अर्थ नव्हता. दुष्काळाची बाजूही सांगितली. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभू गावाशी कृष्णेचे पाणी उपसतात आणि ते सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे नेतात. आमच्या खानापूर तालुक्यात मी लहानपणी आडात पोहरा टाकून वाटी-वाटी पाणी भरलेले आहे. तेव्हा कोणी हे सांगितले असते तर गुरुजींनाही खरे वाटले नसते.

दिवाळीला मुलगी, जावई, नात साताऱ्याला आली. पहिल्याच संध्याकाळी दोन्ही तिसऱ्या समोरासमोर बसल्या. मी म्हटले, आपापले नकाशे आणा आणि जोडा पाहू. दोघांनी कागद शेजारी ठेवले. जमेनात! दोन्ही जिल्हे पुस्तकाच्या पानात मावावेत म्हणून काढलेले, प्रत्येकाचे प्रमाण निराळे. कऱ्हाडची हद्द वाळव्याच्या हद्दीला लागेना, आणि नदी नदीला तर मुळीच भेटेना. नातवाने कागद फिरवून पाहिला, नातीने दुमडून पाहिला. शेवटी गेल्या वर्षीच्या मोठ्या दिनदर्शिकेची पाने उलटी चिकटवून आम्ही एकच नकाशा काढायला बसलो. एकवीस तालुके. फराळाचे ताट मध्ये, चकलीचे तेल माणदेशात सांडलेले, आणि आम्ही तिघे पालथे.

नातवाने धरणे काढली. प्रत्येक धरणाला त्याने छोटे दरवाजे काढले. नातीने आयर्विन पूल काढला, त्याच्या कमानी काढल्या, आणि शेजारी फुटांच्या खुणा घातल्या. मग तिने बोट पुलावरून उलटे वर नेले, सांगलीहून भिलवडी, तेथून कऱ्हाड, तेथून कोयनेच्या दरवाजापर्यंत, आणि मामेभावाला विचारले,

"तुम्ही पाणी सोडता तेव्हा आम्हाला फोन का नाही करत?"

"मी नाही सोडत काही! धरणवाले सोडतात."

"पण तुला कळतं ना?"

"कळतं. बातम्यांत सांगतात."

"मग?"

त्याला उत्तर सुचेना. त्याने माझ्याकडे पाहिले. मी चकलीकडे पाहिले. माझी मुलगी दाराशी उभी राहून हे ऐकत होती; ती काही बोलली नाही, फक्त नकाशाजवळ येऊन बसली आणि गावभागात एक ठिपका देऊन म्हणाली, "हे आपलं घर." नातवाने मग निळ्या पेन्सिलीनेच समासात तिच्या घरचा नंबर लिहून घेतला.

अंगणात त्यांचा किल्ला चालू होता, दर दिवाळीला असतो तसा. गेरू, दगड, पोते, आळीव पेरलेले. त्या वर्षी मावळे आणि तोफा एका बाजूला सरकवून गडाच्या पोटातून पायथ्यापर्यंत एक चर खणण्यात आला. वर रिकाम्या डब्याचे धरण, खाली काड्यापेटीचा पूल. काड्यापेटीवर नातीने शाईने रेघा मारल्या होत्या. नातू वर तांब्या घेऊन उभा राहिला, ती खाली पुलाशी उकिडवी बसली.

"सोडू का?" त्याने वरून विचारले.

"थांब!" ती म्हणाली, आणि पुलाजवळच्या मातीच्या घरातली बाहुली उचलून तिने हातात घेतली. "हं, आता सोड."